लहान गावासाठी हिरवी वाट कशी आखायची: पांदण, नाला, तलावाची पार आणि त्यामागचे कागद

मी लँडस्केप आर्किटेक्ट आहे, काम बहुतेक विदर्भातल्या नगरपंचायतींचं आणि मोठ्या ग्रामपंचायतींचं करते, आणि मला येणारा फोन जवळपास एकाच वाक्यानं सुरू होतो, "मॅडम, आपल्या गावात एक वॉकिंग ट्रॅक करायचा आहे." जागा कुठली विचारलं की तलावाची पार, म्हणजे मातीचा बांध, नाहीतर शाळेचं ग्राउंड, आणि डोळ्यासमोर असतं नागपूरचं चित्र, पेव्हर ब्लॉक, रंगीत लाइट, ओपन जिम. फोन करणाऱ्याची तळमळ खरी असते, गावाचं काहीतरी चांगलं व्हावं असंच त्याला वाटत असतं. पण चार-पाचशे मीटरच्या गोल ट्रॅकवर सकाळी वीस माणसं फिरतात आणि बाकीचं गाव हायवेच्या कडेनं ट्रक चुकवत चालतं, हे मी इतक्या ठिकाणी पाहिलंय की आता पहिल्याच फोनवर सांगते, गोल राहू द्या, आपण वाट करू.

ग्रीनवे हा शब्द मोठा वाटतो पण गोष्ट साधी आहे. नाल्याच्या, कालव्याच्या, जुन्या गाडीवाटेच्या कडेनं जाणारा लांबट हिरवा पट्टा, ज्यातून माणूस पायी नाहीतर सायकलनं शाळेत, वावरात, बाजारात, देवळात जातो, आणि ज्याला नुसतं फिरायचंय त्यालाही तीच वाट पुरते. आपल्याकडं ह्या वाटा आहेतच ना. वावरांमधून जाणारी पांदण आहे, शिवरस्ता आहे, तलावाची पार आहे, गजानन महाराजांची पालखी पंढरपूरहून परत येताना खामगावहून शेगावपर्यंत तिच्यासोबत लाखो लोक पायी जातात. चालायची सवय आपल्याला कुणी शिकवायची गरज नाही. वाट शोधायची, सरकारी कागदावर पक्की करायची आणि तिच्यावर सावली धरायची, आणि हे ह्याच क्रमानं करायचं, क्रम उलटा झाला की पैसा जातो.

नगराध्यक्ष, सरपंच, मुख्याधिकारी, शाळेतले सर, बचत गटाच्या ताई, कुणीही हे वाचून सुरुवात करू शकतं. नवीन लँडस्केप आर्किटेक्ट पोरापोरींसाठी तर मुद्दाम सविस्तर लिहितेय.

पायरी १: आधी चाला

ड्रॉइंग नंतर. आधी गावात राहायला जा, निदान तीन दिवस, आणि दिवसातून तीन वेळा चाला. पहाटे पाचला निघालात तर पोलीस भरतीची तयारी करणारे पोट्टे आणि पोरी डांबरी रोडवर अंधारात पळताना दिसतील, कारण पळायला दुसरी जागाच नाही. सकाळी दहाच्या आसपास आजूबाजूच्या खेड्यांतून सरकारच्या मानव विकास कार्यक्रमातून मिळालेल्या सायकलींवर मुली येतात, पाच-पाच किलोमीटर. संध्याकाळी निंदण करून परतणाऱ्या बाया, डोक्यावर गवताचा भारा, मागून ढोरकी ढोरं घेऊन आखराकडं, म्हणजे ढोरं जमा करायच्या जागेकडं. ह्यातला प्रत्येक जण कुठून वळतो, कुठं चप्पल हातात घेतो, कुठं दोन मिनिटं टेकतो ते वहीत लिहा. फोनमध्ये जीपीएसवर वाट रेकॉर्ड करणारी फुकट ॲप असतात, ते चालू ठेवा, घरी येऊन गूगल अर्थवर टाका आणि त्याच जागेचे उन्हाळ्यातले आणि पावसाळ्यानंतरचे फोटो शेजारी शेजारी ठेवून पहा.

हे काम एकदा मे मध्ये आणि एकदा ऑगस्टमध्ये करा. मे मध्ये जी पांदण गुळगुळीत दिसते तीच ऑगस्टमध्ये गुडघाभर चिखल असते, आणि दोन्ही पाहिल्याशिवाय तुम्ही काढलेली लाइन अर्धीच असते.

एका गावात मला शाळेच्या मुली नाल्यावरचा रपटा, म्हणजे ठेंगणा फरशीपूल, सोडून जवळपास दीड किलोमीटर लांबून हायवेनं जाताना दिसल्या. नकाशावर रपट्याची वाट सरळ, सपाट, जवळची. मी लेव्हल तपासल्या, पाणी तपासलं, काही सापडेना, शेवटी मुलींनाच विचारलं. त्या म्हणाल्या, "तिथं बेशरमाच्या झुडपात माणसं पीत बसतात मॅडम." मग त्या वाटेचं पहिलं काम नाल्याकाठचं बेशरम काढणं आणि दोन्ही बाजूंनी नजर पोचेल असं मोकळं करणं हेच ठरलं, एक फरशी न बसवता मुली तिथून जायला लागल्या. लँडस्केपचं शिक्षण मला उतार, माती, पाणी शिकवतं, पण ही गोष्ट चालणाऱ्यालाच माहीत असते.

पायरी २: कागद काढा

इथं सगळ्यात जास्त वेळ द्या, कारण लहान गावातली वाट डिझाइननं क्वचितच अडते, ती जमिनीनं अडते.

तलाठ्याकडून आणि टीएलआर, म्हणजे तालुक्याच्या भूमी अभिलेख, ऑफिसमधून गाव नकाशा घ्या. त्यावर साधारणपणे दोन तुटक रेषा म्हणजे गाडीवाट आणि एक तुटक रेष म्हणजे पायवाट. गाडीवाटेची रुंदी बहुतेक साडेसोळा ते एकवीस फूट धरतात आणि पायवाटेची सव्वाआठ फूट, पण तुमच्या गावच्या नकाशावर काय आहे ते टीएलआरमध्ये विचारून पक्कं करा. जागेवर ही पांदण कितीतरी वेळा चार फूट उरलेली असते, दोन्हीकडून वावरांचे धुरे, म्हणजे बांध, आत सरकलेले. म्हणून मोजणी करून घ्यायची. जुनी वहिवाटीची वाट कुणी नुकतीच अडवली असेल तर १९०६ च्या मामलतदार कोर्ट कायद्याखाली तहसीलदारांकडे जाता येतं, पण अडवल्यापासून सहा महिन्यांच्या आत. मी स्वतः मात्र अर्ज ही शेवटची पायरी मानते, का ते पुढच्या पायरीत सांगते.

नंतर बघा की वाट कुठल्या प्रकारच्या जमिनीतून जातेय. अमरावती, अकोला, बुलडाणा, वाशीम, यवतमाळ ह्या वऱ्हाडाच्या बाजूला ई-क्लास जमीन लागेल, गावची चराईची सरकारी जागा. नागपूर, वर्धा, भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोली ह्या सहा जिल्ह्यांत झुडपी जंगल लागेल, आणि इथं खूप सांभाळून, कारण मे २०२५ मध्ये सुप्रीम कोर्टानं झुडपी जंगल हे वनच धरायचं असं सांगितलंय, त्यामुळे सातबारा महसूलचा दिसला तरी तिथं पक्कं बांधकाम करायचं म्हटलं की केंद्राची वन परवानगी लागते. लहान नगरपंचायतीनं अशा जागेत काँक्रीटचा ट्रॅक टाकायच्या फंदात पडूच नये. पायानं पडलेली वाट तशीच ठेवून दोन्हीकडचं गाजरगवत आणि घाणेरी काढायची असली तरी वनविभागाला विचारून करा.

पूर्व विदर्भात अजून एक कागद असतो ज्याच्याकडं कुणी बघत नाही, निस्तार पत्रक. गावच्या लोकांचे चराईचे, सरपणाचे, वाटेचे, पाण्याचे जुने हक्क त्यात नोंदलेले असतात. ते वाचलं की कळतं की ज्या जागेवर आपण बाग काढतोय तिथून शेजारच्या गावाचा ढोरांचा रस्ता जातो. गडचिरोलीकडं सामूहिक वनहक्क मिळालेली गावं आहेत, मेंढा लेखाला तो २००९ मध्ये मिळाला, तिथं तर ग्रामसभाच मालकासारखी, ठराव तिचाच लागतो.

नाला किंवा नदी असेल तर जलसंपदाकडून पूररेषा मागा. निळी रेषा म्हणजे साधारण २५ वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची आणि लाल रेषा १०० वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची. निळ्या रेषेच्या आत वाट जाऊ शकते, पण तिथं भिंत नको, शेड नको, माती टाकून भराव तर अजिबात नको. बऱ्याच लहान नद्यांच्या रेषा आखलेल्याच नसतात, तेव्हा म्हाताऱ्या माणसांना घेऊन जायचं आणि पाणी कुठवर आलं होतं ते झाडावर, देवळाच्या पायरीवर बोटानं दाखवायला सांगायचं, आणि तिथं चुन्यानं खूण करून लेव्हल घ्यायची.

शेवटी विकास आराखडा, म्हणजे डीपी. तुमच्या शहराचा डीपी तयार होत असेल तर आत्ताच हरकत-सूचनेच्या मुदतीत ही वाट टाकून घ्या. एकदा डीपीवर लाइन आली की पुढे ले-आउट पाडणारा ती बुजवू शकत नाही. माझ्या मते एका चांगल्या लँडस्केप आर्किटेक्टचा लहान गावाला सगळ्यात मोठा उपयोग हाच आहे, सुंदर ड्रॉइंग नंतर कुणीही काढेल.

पायरी ३: माणसं, आणि धुऱ्यावरचं बोलणं

नगरपंचायतीच्या हॉलमधल्या बैठकीला नेहमीचेच पंधरा जण येतात. ती घ्या, कागदाला लागते, पण खरी बैठक वाटेवर घ्या. ज्यांची वावरं वाटेला लागून आहेत त्या प्रत्येकाकडं धुऱ्यावर जाऊन बसा. त्यांची भीती अगदी रास्त असते, आज वाट मोठी केली की उद्या रस्ता, परवा प्लॉट, लोक तुरीच्या शेंगा तोडतील, ढोरं पिकात घुसतील, खर्ऱ्याच्या पन्न्या वावरात उडतील. ह्याला उत्तर भाषणात नसतं, ड्रॉइंगमध्ये असतं. एका काकाजीनं पांदणीत चार फूट आत सरकलेला धुरा स्वतःहून मागं घेतला, कारण आम्ही त्यांच्या बाजूला पाण्याचा चर काढून दिला, ज्यामुळे त्यांच्या वावरात साचणारं पाणी नाल्याला लागलं. "आधी कोणी इचारलंच नाही बाई, डायरेक्ट नोटीस देते," असं म्हणाले ते. तहसीलचा अर्ज केला असता तर तारखांवर तारखा झाल्या असत्या आणि वाट झाली असती तरी वैर राहिलं असतं.

बायांची बैठक वेगळी घ्या, त्यांच्या वेळेला. जमिनीवर रांगोळीनं गाव काढा, देऊळ, शाळा, दवाखाना, तलाव, आणि कुठून जाता ते खड्यांनी मांडायला सांगा. कागदाचा नकाशा पुढं ठेवला की बोलणारे दोघं-तिघं असतात, जमिनीवर मांडलं की सगळ्याच बोलतात. भंडाऱ्याकडच्या एका आजींनी मला तिथंच सांगितलं होतं, "बाई, बसाले बाकडे नोका देऊ, झाड लावून द्या, त्याच्या खाली आमी भुईवरच बसतो." तेव्हापासून माझ्या अंदाजपत्रकात झाडं पहिली आणि बेंच शेवटी असतात.

तलाव असेल तर ढीवर बांधवांच्या मच्छीमार सोसायटीला विसरू नका. त्यांचं जाळं वाळवायची, डोंगा लावायची जागा पारेवरच असते, आपण तिथं रेलिंग लावून त्यांचा घास अडवतो.

पायरी ४: कुठली वाट घ्यायची

पहिल्या टप्प्यात एकच लाइन घ्या, दोन ते तीन किलोमीटर, आणि तिच्या दोन्ही टोकांना काहीतरी कामाचं ठिकाण हवं. एसटी स्टँड ते कॉलेज, जुनी वस्ती ते दवाखाना, गाव ते यात्रेचं देऊळ. मधे तलाव, जुना परकोट, बारव लागली तर फार छान. पवनीसारख्या गावात वैनगंगेचा घाट आणि जुनी तटबंदी आहे, अचलपूरला दरवाजे आहेत, रामटेकला गडाच्या पायऱ्या आणि अंबाळा तलाव, अशा ठिकाणी वाट इतिहासातूनच जाते, नवीन आकर्षण उभं करायची गरज नसते. चंद्रपुरात इको-प्रो संस्थेच्या कार्यकर्त्यांनी २०१७ पासून गोंडकालीन किल्ल्याची सफाई स्वतःच्या हातांनी केली आणि झाडोऱ्यात गेलेली भिंत, बुरूज पुन्हा दिसायला लागले, लोक ते बघत चालू लागले. सुरुवात अशी साफ करण्यापासून होते हे मला फार महत्त्वाचं वाटतं.

जुन्या रेल्वेलाइनचं लोक मला नेहमी विचारतात. अमेरिकेत विस्कॉन्सिनमध्ये एलरॉय ते स्पार्टा ही बंद पडलेली लाइन १९६० च्या दशकातच सुमारे ३२ मैलांची सायकल ट्रेल झाली, आणि तिकडं नॅशनल पार्क सर्व्हिसचा एक कार्यक्रमच आहे जो लहान गावांना पैसे देत नाही पण नियोजन करणारी माणसं देतो, अशी सोय इथं असती तर किती बरं झालं असतं. आपल्याकडं पुलगाव-आर्वी आहे, यवतमाळ-मूर्तिजापूर-अचलपूरची शकुंतला आहे, सपाट, सरळ, सावलीची, डोळ्यासमोर ट्रेल दिसते. पण तिथल्या लोकांना गाडी परत हवीय, ब्रॉडगेज हवंय, आणि ती मागणी न्याय्य आहे. त्या रुळांवर ट्रेलचा प्रस्ताव नेऊ नका. फार तर स्टेशनाकडं जाणारी वाट सुधारा.

कालव्याच्या कडेचा रस्ता मात्र मला फार आवडतो. उतार जवळपास नाही, पाणी शेजारी, आणि जमीन एकाच खात्याची. पाटबंधारे विभागाची लेखी परवानगी घ्या, त्यांची जेसीबी गाळ काढायला जाईल एवढी रुंदी मोकळी सोडा आणि वस्तीजवळ उताराच्या बाजूला कुंपण घाला, लहान मुलं असतात.

पायरी ५: माती आणि पाणी

माझ्या पहिल्या पहिल्या कामांपैकी एक काळ्या मातीतल्या पांदणीवरचं होतं. पेव्हर ब्लॉक बसवले, खाली थोडी चुरी, उद्घाटन झालं, फोटो झाले. पहिल्या पावसाळ्यात माती फुगली आणि उन्हाळ्यात भेगाळली, ब्लॉक वर-खाली झाले आणि एक म्हातारे गृहस्थ अडखळून पडले, हाताला मार लागला. ते मी विसरलेले नाही. काळी माती ओली झाली की फुगते, वाळली की आकसते, तिच्यावर थेट काहीही बसवायचं नाही.

मी आता असं करते. वरची एक-दीड फूट काळी माती काढून शेतकऱ्यालाच देते, तो आनंदानं नेतो. खाली माती आणि मुरूम मिसळू नये म्हणून जिओटेक्स्टाइल कापड, त्यावर कडक मुरूम सहा-सहा इंचाच्या थरात पाणी मारून रोलरनं दाबायचा, आणि वाट आजूबाजूच्या वावरापेक्षा निदान एक फूट उंच ठेवायची. मधे किंचित फुगीर किंवा एका बाजूला उतार, पन्नास फुटाला एक फूट ह्या हिशेबानं, म्हणजे पाणी थांबत नाही. वरचा थर बारीक मुरमाचाच. पळणाऱ्या पोरांच्या गुडघ्याला तो बरा, अनवाणी बाईच्या पायाला बरा, आणि खराब झाला तर गावातलीच माणसं दुरुस्त करू शकतात. काँक्रीट फक्त रपट्यावर आणि जिथं पाणी वाटेवरून वाहतं तिथं.

रुंदी म्हणाल तर सायकल आणि पायी मिळून तीन मीटर छान, जागा नसेल तर अडीच. नुसत्या पायी वाटेला इंडियन रोड्स काँग्रेसच्या नियमातली कमीत कमी १.८ मीटर मोकळी रुंदी धरा, त्यात खांब, विजेची डीपी, बोर्ड काही यायला नको. चढ वीस फुटाला एक फूट इतपत ठेवला तर व्हीलचेअर आणि म्हातारी माणसं दोन्ही चढतात.

मामा, म्हणजे माजी मालगुजारी, तलावाच्या पारेचं वेगळं. मालगुजारी काळातल्या ह्या पारी मातीच्या आहेत आणि पाणी अडवतायत, तिथं खोदकाम म्हणजे धोका. पारेवर खांबासाठी खड्डे नको, केबल पुरणं नको, माथा कापून रुंद करणं तर नकोच. जुनी झाडं तशीच ठेवा, पण नवीन मोठं झाड पारेवर लावू नका, त्याची मुळं पुढं कुजली की त्या पोकळीतून पाणी झिरपतं. झाडं पारेच्या पायथ्यापासून लांब, खालच्या बाजूला. जादा पाणी जायचा सांडवा बंद होईल असं काहीही बांधायचं नाही. लहान तलावाला जिल्हा परिषदेचा लघुपाटबंधारे विभाग, मोठ्याला जलसंपदा, त्यांच्या इंजिनिअरला जागेवर नेऊनच लाइन पक्की करा.

पायरी ६: सावली

विदर्भात सावली नसलेली वाट वर्षातले चार महिने बंदच समजा. पारा ४५ च्या वर जातो तिथं लॉन, पाम आणि शोभेची झुडपं लावणं मला पाप वाटतं.

एक गोष्ट लक्षात घ्या, मे च्या शेवटच्या आठवड्यात नागपूर-वर्ध्याकडं शून्य सावली दिवस येतो, दुपारी सूर्य बरोबर डोक्यावर. म्हणजे झाड वाटेपासून पंधरा फूट लांब लावलं तर त्याची सावली दुपारी वाटेवर पडतच नाही. फांद्या वाटेवर आल्या पाहिजेत, म्हणून झाड कडेपासून दीड-दोन मीटरवर, दोन झाडांत सहा ते आठ मीटर. दोन्ही बाजूंना लावायला जागा नसेल तर उत्तर-दक्षिण जाणाऱ्या वाटेला पश्चिमेच्या बाजूनं लावा, शाळा सुटायच्या वेळचं तिरपं ऊन तेच अडवतं.

काळ्या मातीत कडुनिंब, करंज, चिंच, शिरस. नाल्याकाठी अर्जुन, ज्याला आपल्याकडं कहू म्हणतात, उंबर आणि जांभूळ, पण जांभूळ जरा आत, फळं पडून वाट घसरडी होते. मुरमाड जागेत बेहडा, हिवर, बेल, कवठ. वड-पिंपळ चौकाच्या, थांब्याच्या जागी एखादंच. सुबाभूळ, निलगिरी, कोनोकार्पस नको, आणि गुलमोहर दिसायला सुंदर असला तरी वादळात फांद्या पाडतो, लोक चालतात त्याच्यावर नको. रोप मोठं घ्या, सहा-सात फुटाचं, वनविभागाच्या किंवा सामाजिक वनीकरणाच्या नर्सरीत वर्षभर आधी सांगून ठेवा. आणि वाटेत आलेलं जुनं झाड तोडायचं असं कुणी म्हणालं तर वाट वळवा.

पायरी ७: जनावर आणि अंधार

ब्रह्मपुरी, सिंदेवाही, मूल ह्या पट्ट्यात वाघ गावाच्या शिवेवर असतो, तिथं ट्रेलचा विचार वनविभागाच्या आरएफओ साहेबांसोबत बसूनच करा. वाट जंगलाकडं न नेता गावाकडच्या बाजूनं न्या, दोन्हीकडची झुडपं निदान चार-पाच मीटर साफ, सूर्य उगवायच्या आधी आणि मावळल्यावर बंद, आणि वाटेवर उकिरडा, मेलेलं ढोर टाकायची जागा अजिबात नको, त्यामागं कुत्री, डुकरं येतात आणि त्यांच्यामागं बिबट. मार्च-एप्रिलमध्ये मोहाखाली पहाटे अस्वल येतं, त्यामुळं तिकडच्या वाटेला लागून मोह लावू नका, असला तर त्या दिवसांत सकाळची वाट वळवा. गोंदियाकडं धानाच्या बांध्यांत आणि तलावांकाठी सारस आहेत, विणीच्या पावसाळी दिवसांत घरट्याजवळून लोकांना नेऊ नका.

लाइट फक्त वस्तीच्या टोकांना आणि रपट्यावर. तलावाच्या पाण्यावर फ्लडलाइट मारू नका, पाखरं निघून जातात. टू-व्हीलर आत येते ही सगळ्यांची तक्रार असते, आडवे पाइप लावले की सायकल आणि व्हीलचेअरही अडते, त्यापेक्षा तोंडाशी दगड नागमोडी मांडून वेग कमी करा आणि शेतकऱ्याच्या बैलगाडीसाठी एक बाजू उघडणारी ठेवा.

पायरी ८: पैसा

एकाच योजनेतून सगळं होईल असं समजू नका, वाटेचे तुकडे करा आणि प्रत्येक तुकड्याला त्याचं हेड शोधा. ग्रामपंचायत हद्दीतल्या पांदणीला २०२१ पासूनची मातोश्री ग्रामसमृद्धी पाणंद रस्ते योजना आणि रोजगार हमी, झाडांना सामाजिक वनीकरण, शहराच्या हद्दीत जिल्हा नियोजनचा नगरोत्थान निधी आणि वित्त आयोग, यात्रेचं ठिकाण असेल तर पर्यटन. २०२० पासूनच्या माझी वसुंधरा अभियानात गुण मिळतात, मुख्याधिकाऱ्यांना ते सांगितलं की फाइल हलते. वणी, घुग्घुस, बल्लारपूरच्या बाजूला खाणी आणि कारखान्यांचा सीएसआर असतो.

अंदाजपत्रक डीएसआरच्या, म्हणजे सरकारी दरसूचीच्या, दरानं करा, पण त्यात मुरूम कुठल्या खदानीतून आणि किती लांबून येणार ते स्पष्ट लिहा. आणि लँडस्केप आर्किटेक्टकडून चार गोष्टी लेखी मागा, लेव्हलसकट बेस मॅप, दर शंभर मीटरला आडवा छेद, प्रत्येक झाडाच्या नावासकट लावणीचा नकाशा, आणि तीन वर्षांचं देखभालीचं वेळापत्रक. थ्रीडी चित्रं नसली तरी चालतील. पैसे नसतील तर नागपूरच्या व्हीएनआयटीसारख्या कॉलेजच्या आर्किटेक्चर विभागाला पत्र लिहून बघा, विद्यार्थ्यांना सर्व्हेसाठी खरं गाव हवंच असतं.

पायरी ९: तीन उन्हाळे

झाड लावल्यापासून पहिले तीन उन्हाळे निघाले की ते आपलं. म्हणून पाण्याचा खर्च, टँकर किंवा पाइप, तीन वर्षांसाठी मूळ अंदाजपत्रकातच टाका, नंतर देऊ म्हणणारा कुणी देत नाही. जूनच्या शेवटी चांगला पाऊस झाल्यावर लावणी, बुडाशी आळं, त्यात तणसाचं नाहीतर पराटीच्या, म्हणजे कपाशीच्या काड्यांच्या, चुऱ्याचं आच्छादन, आणि शेजारी जुनं मडकं पुरून त्यात पाणी भरलं की थेंब थेंब मुळाशी जातं. लोखंडी ट्री-गार्ड चोरीला जातात, बोराटीच्या काट्यांचं कुंपण कुणी नेत नाही आणि शेळीही तोंड लावत नाही.

दर दोनशे मीटरचा तुकडा एकेका बचत गटाला मजुरीवर द्या, फुकट श्रमदानावर वर्षभर ठेवू नका, एक दिवस श्रमदान ठीक, रोजचं पाणी म्हणजे काम आहे आणि कामाला पैसे मिळालेच पाहिजेत. दर पोळ्यानंतर एकदा नगरसेवक, बचत गट, शाळेतले सर आणि दोन शेतकरी असे मिळून पूर्ण वाट चालून मेलेली झाडं, तुटलेला मुरूम, बुजलेले चर ह्यांची यादी करा आणि ती यादी त्याच आठवड्यात नगरपंचायतीच्या आवकमध्ये नोंदवून पोच घ्या, म्हणजे पावसाळा संपता संपता भरणी होते आणि बाकी कामाला दिवाळीनंतर मजूर मिळतात.